कुपात्रतेचा आरोप

१९ मे २०२१ रोजी मलावी सरकारने राजधानी लिलाँग्वेमध्ये कोविड लशीच्या १९,६१० मात्रा भट्टीत जाळल्या. चोरून नव्हे, पत्रकारांना बोलावून, कॅमेऱ्यांसमोर. आफ्रिकेत असे उघडपणे करणारा हा पहिला देश. जळालेल्या कुप्या कोविशील्डच्या होत्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये भरलेल्या. त्याच सुमारास मुंबई-पुण्यातल्या केंद्रांबाहेर ‘लस उपलब्ध नाही’ अशा पाट्या लागत होत्या. ती बातमी वाचून आपल्याकडच्या कुणाचे डोके फिरले असेल, तर त्यात नवल नाही.

पण त्या भट्टीच्या धुरातून एक मत तयार झाले आणि ते आजही टिकून आहे. श्रीमंत देशांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी साथीच्या काळात गरीब देशांना सढळ हाताने दिले, पण घेणाऱ्यांनाच ते पेलले नाही, असे हे मत. लोक लशीला घाबरणारे, दवाखाने मोडकळीला आलेले, सरकारे पैसे खाणारी. थोडक्यात, दान कुपात्री पडले. आपल्याकडे त्याला एक शेपूटही जोडले गेले: आपल्या माणसांच्या तोंडचा घास काढून यांना दिला आणि यांनी तो जाळला. हे मत केवळ चहाच्या टपरीवरचे नाही. २०२५मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्था मोडीत काढली, तेव्हाही उधळपट्टीचाच आरोप पुढे केला होता.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडल्याची फुशारकी मारायची, यात काही हशील नाही. तेव्हा या मताच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आधी मांडतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाला मार्च २०२१मध्ये कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेतून सुमारे १७ लाख मात्रा मिळाल्या. त्यांपैकी सुमारे १३ लाख त्याने परत केल्या, कारण मुदतीत टोचून होणार नाहीत हे उघड दिसत होते. खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच त्या लशीबद्दल शंका बोलून दाखवली होती. नायजेरियाने डिसेंबर २०२१मध्ये अबुजाजवळच्या कचरा डेपोत १०,६६,२१४ मात्रा नष्ट केल्या. दक्षिण सुदान आणि सिएरा लिओन यांचीही उदाहरणे आहेत. इतके सगळे समोर असताना त्या मतात काय चूक आहे, असे कुणीही विचारील.

चूक तारखांत आहे. मलावीत जळालेल्या मात्रा आफ्रिकी संघामार्फत आलेल्या १,०२,००० मात्रांपैकी होत्या. त्या देशात पोहोचल्या २६ मार्चला. कुप्यांवर छापलेली मुदत होती १३ एप्रिल. म्हणजे हातात दिवस अठरा.

या अठरा दिवसांत काय काय व्हायचे होते ते पाहा. विमानतळावर माल उतरवून घ्यायचा, कागदपत्रे उरकायची, पेट्या शीतगृहात ठेवायच्या, मग अठ्ठावीस जिल्ह्यांना वाटप आणि तिथून पुढे आरोग्य केंद्रांपर्यंत. सगळा प्रवास २ ते ८ अंश तापमानात. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा, आणि बूच टोचले की सहा तासांत त्या संपवायच्या. तीनच माणसे आली तर कुपी फोडायची की त्यांना परत पाठवायचे, हा प्रश्न तिथल्या आरोग्यसेवकाने रोज सोडवायचा. मलावीत हे काम प्रामुख्याने ‘हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट’ करतात. आपल्याकडच्या आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्या मधले हे पद म्हणता येईल. याच अठरा दिवसांत गुड फ्रायडे आणि ईस्टरची सुट्टी आली, आणि देश बहुसंख्य ख्रिस्ती. शिवाय कोव्हॅक्सच्या ३,६०,००० आणि भारत सरकारने भेट दिलेल्या ५०,००० मात्रा आधीच आलेल्या होत्या. त्यांचेही लसीकरण चालूच होते.

इतक्या साऱ्या अडचणींतून मलावीने त्या १,०२,००० पैकी ८२ हजारांहून अधिक मात्रा वापरल्या. म्हणजे ऐंशी टक्के. कालमर्यादेचा विचार केला, तर ही नाचक्की नाही, उलट कौतुकाची गोष्ट आहे. उरलेल्या जाहीरपणे का जाळल्या, याचेही कारण तिथल्या आरोग्य खात्याने सांगितले होते. मुदत संपलेल्या लशी देशात आहेत ही कुणकुण लागताच लोक केंद्रांकडे फिरकेनासे झाले. शिळी लस टोचली जात नाही हे त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवणे भाग होते. लोकांचा विश्वास राखण्यासाठी केलेली ही कृती होती आणि जगाने ती नालायकीचा पुरावा म्हणून पाहिली.

यात एक उपकथानकही आहे. कोविशील्डची मुदत सहा महिन्यांवरून नऊ महिने करायला भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२१च्या सुरुवातीलाच मान्यता दिली होती, पण आफ्रिकेत पोहोचलेल्या कुप्यांवर मात्र सहाच महिन्यांची तारीख छापलेली होती. आफ्रिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे प्रमुख जॉन एनकेंगासाँग म्हणाले, त्या १३ जुलैपर्यंत चालतील. जागतिक आरोग्य संघटनेने आधी सांगितले, नष्ट करू नका. मग सांगितले, करा. लेबलावर एक तारीख, परिपत्रकात दुसरी, आणि टोचून घ्यायला आलेल्या बाईला उत्तर द्यायचे ते गावातल्या सेवकाने.

आता दुसरे प्रमाण. लस वाया जाणे हाच कुपात्रतेचा पुरावा असेल, तर तो सगळ्यांना सारखाच लावायला हवा. अमेरिकेत १ मार्च २०२१ ते ऑगस्टअखेर निदान १ कोटी ५१ लाख मात्रा फेकल्या गेल्या. मे २०२२च्या मध्यापर्यंत हा आकडा ८ कोटी २० लाखांवर गेला, म्हणजे तिथे वाटलेल्या मात्रांच्या अकरा टक्के. तिथे शीतसाखळी उत्तम, रस्ते उत्तम, मुदतही भरपूर. तरीही अमेरिकी माणूस लस घ्यायच्या लायकीचा नाही असा अग्रलेख कुणी लिहिल्याचे ऐकिवात नाही. आणि दूर कशाला जायचे? डिसेंबर २०२१मध्ये मागणी ओसरल्यावर सीरमने कोविशील्डचे उत्पादन थांबवले, आणि साठ्यातल्या सुमारे दहा कोटी मात्रांची मुदत संपल्याचे अदर पूनावाला यांनीच ऑक्टोबर २०२२मध्ये पुण्यात सांगितले. दहा कोटी. त्यासमोर मलावीचे साडेएकोणीस हजार मांडा. त्या दहा कोटींवरून पुण्याला कुणी अडाणी म्हटले नाही, आणि म्हणूही नये. मागणीचा अंदाज चुकला की साठा पडून राहतो, हे कोणत्याही औषधविक्रेत्याला ठाऊक असते. ही साधी समजूत आपण मलावीच्या बाबतीतच का विसरतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

मुदत संपत आलेला मालच गरीब देशांच्या वाट्याला का आला, याचे उत्तर रांगेत आहे. कोव्हॅक्स ही योजना २०२०मध्ये गरीब देशांसाठी लसखरेदी करणारी गॅव्ही, लससंशोधनाला पैसा पुरवणारी सेपी आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उभी केली, वाहतूक युनिसेफकडे. कल्पना चांगली होती: सगळ्या देशांनी एकत्र खरेदी करायची आणि लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. पण श्रीमंत देशांनी कंपन्यांशी आधीच परस्पर करार करून ठेवले होते. कॅनडाने दर माणशी दहा मात्रांपर्यंत नोंदणी केली होती आणि वर कोव्हॅक्समधूनही आपला वाटा उचलला. युरोपीय संघाने निर्यातीवर नियंत्रण आणले. इटलीतून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या अडीच लाख मात्रा अडवल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या अस्पेन कंपनीच्या कारखान्यात जॉन्सन अँड जॉन्सनची लस कुप्यांत भरली जात होती आणि २०२१च्या मध्यात तिथून ती युरोपला जात होती, आफ्रिका खंड लशीची वाट पाहत असताना. पहिल्या पंगतीने दोनदा वाढून घ्यायचे आणि शेवटच्या पंगतीला निवलेले अन्न वाढून वर पानात टाकले म्हणून बोल लावायचा, असा हा प्रकार.

२०२१च्या उत्तरार्धात श्रीमंत देशांच्या शीतगृहांत लशी पडून राहू लागल्या, तेव्हा औदार्याला भरती आली. नायजेरियात नष्ट झालेल्या मात्रा याच भरतीतल्या. देशात पोहोचल्या तेव्हा त्यांतल्या काहींची चार ते सहा आठवड्यांचीच मुदत उरली होती. आरोग्यमंत्री ओसागी एहानीरे यांनी स्पष्ट सांगितले की मुदत अपुरी आहे हे ठाऊक असूनही टंचाईमुळे त्या घेतल्या, यापुढे घेणार नाही. इतरही नाही म्हणू लागले. युनिसेफच्या हिशेबाने एकट्या डिसेंबर २०२१मध्ये गरीब देशांनी दहा कोटींहून अधिक मात्रा नाकारल्या, मुख्यतः मुदतीच्या कारणाने. वरातीमागून आलेले घोडे ते, दारात बांधायचे तरी कशाला? त्या वर्षाच्या अखेरीस आफ्रिकेत पूर्ण लसीकरण झालेल्यांचे प्रमाण दहा टक्केही नव्हते.

आता आपल्या शेपटाकडे वळू, कारण ते आपल्याला अधिक टोचते. ‘आपल्या लशी बाहेर पाठवल्या म्हणून आपली माणसे मेली’ हे वाक्य दुसऱ्या लाटेत घराघरांत ऐकू आले. परराष्ट्र मंत्रालयाचा हिशेब असा: एप्रिल २०२१पर्यंत देशाबाहेर गेलेल्या मात्रा ६ कोटी ६० लाखांच्या आसपास. त्यांतल्या सुमारे ३ कोटी ५७ लाख व्यापारी विक्रीच्या, १ कोटी ९८ लाख कोव्हॅक्सच्या, आणि भेट म्हणून दिलेल्या अवघ्या १ कोटी ७ लाख. त्या एप्रिलमध्ये देशात दिवसाला सरासरी तीस लाखांच्या आसपास मात्रा टोचल्या जात होत्या. म्हणजे ज्या ‘दाना’बद्दल आपण हळहळलो, ते चार दिवसांचेही लसीकरण नव्हते. सगळी निर्यात रोखली असती तरी तीन आठवड्यांची बेगमी झाली असती. तीन आठवडे ही लहान गोष्ट नव्हे, हे मान्य. पण जानेवारीत सरकारने सीरमकडे नोंदवलेली पहिली मागणी १ कोटी १० लाख मात्रांची होती, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे. टंचाईचे मूळ तिथे शोधायचे की मलावीत?

आणि कोव्हॅक्सच्या मात्रा तर भीक नव्हत्याच. गॅव्ही आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०२०मध्ये, लस यशस्वी होईल की नाही हे कुणालाच माहीत नसताना, सीरमला तीस कोटी डॉलरपर्यंतचे आगाऊ भांडवल दिले. बदल्यात वीस कोटी मात्रा, कमाल तीन डॉलर दराने. पुण्याजवळ मांजरी इथल्या सीरमच्या कारखान्याची क्षमता वाढली ती काही प्रमाणात याच पैशांवर. कोव्हॅक्सची पहिली खेप, सहा लाख मात्रा, २४ फेब्रुवारी २०२१ला घानाच्या अक्रा विमानतळावर उतरली, ती या कराराची पूर्तता होती. मग मार्चअखेर भारताने निर्यात थांबवली. देशात चितांची रांग लागलेली असताना कोणते सरकार वेगळे वागले असते, मला सांगता येत नाही. पण परिणाम लपवण्यात अर्थ नाही. मलावीत ती भट्टी पेटण्याच्या दोनच दिवस आधी, १७ मे रोजी, युनिसेफने सांगितले की एव्हाना कोव्हॅक्सच्या १७ कोटी मात्रा पोहोचायला हव्या होत्या, पोहोचल्या साडेसहा कोटी. भारतातून कोव्हॅक्सला खेपा पुन्हा सुरू झाल्या नोव्हेंबरअखेर. पहिली मात्रा घेतलेले लोक कित्येक आफ्रिकी देशांत दुसरीची वाट पाहत बसले. सगळी अंडी पुण्याच्या एकाच टोपलीत ठेवणारी योजना आखली कुणी? लिलाँग्वेने नव्हे.

लोकांच्या भीतीचे काय? २०२१मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या दहा गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सरासरी ८०.३ टक्के लोक लस घ्यायला तयार होते; अमेरिकेत ६४.६ टक्के, रशियात ३०.४. भीती होती, पण ज्यांच्या माथी ती मारली गेली त्यांच्यात ती कमी होती. काँगोतली चालढकलही अशीच नीट पाहायला हवी: मार्चमध्ये रक्तात गुठळ्या होण्याच्या शंकेने युरोपातल्या डझनभर देशांनीच कोविशील्डच्याच सूत्राची लस थांबवली होती. काँगोने त्यांचे पाहून थांबवली आणि मधल्या काळात मुदत पळत राहिली. युरोपात जी खबरदारी ठरली, तीच काँगोची राजधानी किन्शासात अंधश्रद्धा कशी होते?

जिथे अविश्वास खोल आहे तिथे त्याला इतिहासही असतो. नायजेरियातल्या कानो शहरात १९९६च्या मेंदुज्वराच्या साथीत फायझरने एका नव्या प्रतिजैविकाची चाचणी मुलांवर केली; चाचणीतली अकरा मुले दगावली, नीट संमती घेतलीच नव्हती असे पालकांनी म्हटले, आणि २००९मध्ये कंपनीने साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. २००३मध्ये त्याच कानोत पोलिओच्या लसीकरणावर बहिष्कार पडला. १८९७च्या प्लेगात गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळलेले पुणे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कुपात्रतेचा हा आरोप पहिल्यांदाच झालेला नाही. २००१मध्ये एड्सवरची औषधे आफ्रिकेला पुरवावीत की नाही यावर वाद चालू होता. तेव्हाचे यूएसएडचे प्रमुख अँड्र्यू नॅटसिओस यांचे म्हणणे असे होते की आफ्रिकी माणसाला पाश्चात्त्यांसारखा घड्याळाचा वेळ कळत नाही, त्याला सकाळ-दुपार-रात्र एवढेच समजते, मग ठरल्या वेळी गोळ्या तो घेणार कसा. औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरला देऊ केला. पुढे औषधे पोहोचली. २००६मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन खंडांतल्या अभ्यासांची तुलना छापून आली. गोळ्या नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के भरले, आफ्रिकेत ७७ टक्के. म्हणजे अडथळा घड्याळाचा नव्हता, किमतीचा होता. हा निकाल लागून पंधरा वर्षे झालेली असताना तोच आरोप कपडे बदलून लशीच्या वेळी परत आला, याचे मला जास्त आश्चर्य वाटते.

भ्रष्टाचाराचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. मलावीतच, त्या लशींची मुदत संपली त्याच आठवड्यात, राष्ट्राध्यक्ष चक्वेरा यांनी कोविड निधीच्या गैरवापराच्या प्रकरणात कामगारमंत्री केन कांडोडो यांना घरी पाठवले. पैसा खाल्ला जातो, हे खरेच. पण त्याच काळात ब्रिटनने संरक्षक साहित्याच्या खरेदीतले ८.७ अब्ज पौंड एका आर्थिक वर्षात बुडीत खाती टाकले, आणि ओळखीच्या पुरवठादारांसाठी काढलेली खास वाट तिथल्या उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. ब्रिटिशांना मग साथीत मदत करू नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. भ्रष्टाचाराचे उत्तर लेखापरीक्षण हे आहे; लस न देणे किंवा उशिरा देणे हे नव्हे.

मग मांडायचे काय? घेणाऱ्यांनीच ते फार पूर्वी मांडून ठेवले आहे, फक्त कुणी वाचत नाही. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी आफ्रिकेची लसखरेदी संस्था, आफ्रिकेचे रोगनियंत्रण केंद्र आणि कोव्हॅक्स यांनी संयुक्त निवेदन काढले. देणग्या अचानक, किरकोळ प्रमाणात आणि अपुऱ्या मुदतीच्या येतात, अशी त्यांची तक्रार. मागण्या अगदी कारकुनी: माल देशात पोहोचल्यावर किमान दहा आठवड्यांची मुदत शिल्लक असावी, चार आठवडे आधी कळवावे, सोबत सिरिंज आणि इतर साहित्य द्यावे. यात कुठेही दयेची याचना नाही. कोणताही घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदाराला जे देतो, तेवढेच यांनी मागितले.

ते मिळाले का? २०२४चा मंकीपॉक्स बघा. हा रोग माणसात पहिल्यांदा आढळला तो १९७०मध्ये, काँगोतच. २०२२मध्ये तो युरोप-अमेरिकेत शिरला, तेव्हा काही महिन्यांत अमेरिकेने दहा लाखांहून अधिक मात्रा टोचल्या. काँगोत लशीची पहिली मोठी खेप, सुमारे ९९ हजार मात्रा, उतरली ५ सप्टेंबर २०२४ला, जागतिक आणीबाणी जाहीर होऊन तीन आठवडे उलटल्यावर. काँगोच्या नियामकाने लशीला मान्यता दिली ती त्या वर्षी जूनमध्ये, त्यामुळे दोष एकट्या देणाऱ्यांचा नाही. पण गॅव्ही आणि युनिसेफ एरवी ज्या मान्यतेवाचून खरेदी करू शकत नाहीत, ती जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आली १३ सप्टेंबरला. तोवर श्रीमंत देशांत तीच लस दोन वर्षे वापरात होती.

२० मे २०२५ रोजी जिनिव्हात साथरोग करार मंजूर झाला. त्यातली कामाची गोष्ट एकच: पुढच्या महासाथीत करारात सामील झालेल्या उत्पादकांनी आपल्या उत्पादनाचा वीस टक्के वाटा, उत्पादन होता होता, जागतिक आरोग्य संघटनेसाठी काढून ठेवायचा, आणि त्यातला निदान निम्मा, म्हणजे एकूण उत्पादनाचा दहावा हिस्सा, फुकट. उरलेला परवडेल त्या दराने. इथे प्रश्न लायकीचा येत नाही, रांगेतल्या जागेचा येतो, आणि ती जागा साथ सुरू होण्याआधी ठरते. रोगजंतूंचे नमुने कुणी द्यायचे आणि बदल्यात काय मिळायचे याचे परिशिष्ट मात्र वेगळे काढून पुढच्या वाटाघाटींवर सोडले गेले, आणि ते ठरल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही. भारत या वाटाघाटीत दोन्ही बाजूंना बसतो: नमुने देणाऱ्या विकसनशील देशांतही आणि लस विकणाऱ्यांतही. तो वीस टक्क्यांचा नियम खरोखर लागू झाला आणि पुण्याचे उत्पादक त्यात सामील झाले, तर पुढच्या साथीत मार्च २०२१सारखे दार एका रात्रीत बंद करता येणार नाही. त्या वेळी मुंबई-पुण्यातल्या केंद्रांबाहेर पुन्हा पाट्या लागल्या असतील, तरीही.